सुतक नसलेला आवाज

आमच्या देवनळमध्ये माणूस गेला की नाही हे डॉक्टर ठरवत नसत, संध्याकाळी सातच्या बातम्या ठरवत. 'देवनळ वार्ता' हे आमचं स्थानिक रेडिओ केंद्र. तालुक्यापलीकडे त्याचा आवाज जात नाही, आणि तालुक्यापलीकडच्या कुणाचं त्यावाचून अडतही नाही. नळाला पाणी कधी येणार, कांद्याला काय भाव मिळाला, कुठल्या रस्त्याचं उद्घाटन दुसऱ्यांदा झालं, एवढं सांगून झालं की शेवटी निधनवार्ता. तिथे नाव आलं नाही तर लोक भेटायला जायला कचरत. खिस्ती मास्तरांचं नाव एकदा राहून गेलं, तर दूधवाला आठवडाभर त्यांच्या वाट्याचं दूध घालत होता.

या निधनवार्ता कित्येक वर्षं हर्षदा डोईफोडे वाचत आली. ती केंद्रात लागली तेव्हा तिला पाककृती आणि हळदीकुंकू असा विभाग मिळाला, कारण बातम्यांना भारदस्त आवाज लागतो असं तेव्हा समजलं जाई, आणि भारदस्त म्हणजे पुरुषाचा. पहाटेचे बाजारभाव मात्र तिला मिळाले. त्या वेळी भारदस्त मंडळी झोपलेली असत. तिनं ते असे वाचले की ज्यांच्याकडे विकायला मेथीची जुडी नव्हती तेही ऐकायला लागले. मग हळूहळू संध्याकाळच्या बातम्या तिच्याकडे आल्या. 'आडनाव तेवढं गाळा, कानाला बरं वाटत नाही,' असं एका साहेबांनी सुचवलं होतं. त्या दिवसापासून ती 'डोईफोडे' थोडं जास्तच ठासून म्हणू लागली. लग्नाचं राहूनच गेलं. पहाटे साडेचारला घराबाहेर पडणारी सून आमच्या तालुक्यात कुणाला नको होती.

मी त्याच केंद्रात रोज पाच मिनिटांचं विनोदी सदर लिहायचो. पुढे यंत्रं आली तेव्हा बऱ्याच जणांच्या जागी यंत्र बसलं. माझ्या जागी तेही बसवलं नाही. त्या पाच मिनिटांत जाहिरात बसली.

निधनवार्तेची हर्षदाची एक रीत होती. वाचण्याआधी ती त्या घरी फोन करायची, जवळ असेल तर स्वतः जायची, आणि गेलेल्या माणसाबद्दल एक गोष्ट विचारून घ्यायची. मग 'त्यांच्या पश्चात अमुक मुलगे, तमुक नातवंडे' याच्यानंतर तिचं एक वाक्य यायचं. 'त्यांच्या हातची शेव खाल्ल्याशिवाय शनिवार पेठेत कुणाची दिवाळी झाली नाही.' 'यांनी उभ्या आयुष्यात कुणाला पत्ता चुकीचा सांगितला नाही.' बस, एकच वाक्य. पण ते वाक्य घरोघरी तसबिरीखाली लिहून ठेवलेलं मी पाहिलंय.

केंद्राची आणखी एक रीत होती. निवेदकाच्या घरी कुणी गेलं तर तेरा दिवस तो माइकसमोर बसत नसे. घरातलं दुःख घशात असतं, ते लोकांच्या घरात कशाला सोडायचं, असा जुन्या लोकांचा विचार. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. म्हणूनच तो पाळला जायचा.

माइकची आवड तिला वडिलांकडून आली. यादवराव डोईफोडे एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, भोंग्यावरून गाड्या पुकारायचे. "आधी गाव म्हणायचं, मग फलाट," हे त्यांनी पोरीला लहानपणीच शिकवलं होतं. "माणूस आधी आपलं गाव ऐकतो, मग कान टवकारतो." हर्षदा निधनवार्तेतही आधी पेठ सांगायची आणि मग नाव.

आता यंत्राकडे येतो. आवाजाची नक्कल करणारी यंत्रं पूर्वीपासून होती, पण ती नुसत्या ध्वनीची नक्कल करत. एखाद्याची सही गिरवावी तशी. ऐकलेलं पुन्हा म्हणत, आणि 'पिंपळगाव टप्पा'सारखं गावाचं नाव आलं की अडखळत. नवं यंत्र ध्वनीच्या मागे लागत नाही, ते थेट गळाच उचलतं. दातांच्या डॉक्टरकडे असते तशा खुर्चीत माणसाला बसवतात. मानेला सोनोग्राफीची पातळ पट्टी, जिभेवर केसाएवढे संवेदक. मग माणूस सगळी बाराखडी, सगळी जोडाक्षरं वाचतो आणि यंत्र टिपत जातं: जीभ किती उचलली, स्वरतंतू किती ताणले, श्वास कुठे निसटला. शेवटी संगणकात एक अख्खा गळा तयार होतो. त्यात गणितानं फुंकर घातली की तो काहीही बोलतो, मूळ माणसानं जन्मात न बोललेलंसुद्धा. आणि तो गळा हवा तसा पिळता येतो. पन्नाशीनंतर बाईचे स्वरतंतू जाड होतात, आवाज खाली उतरतो, किंचित घोगरा होतो. यंत्रात ते वय परत काढून घेता येतं.

केंद्रप्रमुख मुळगुंद हा सभ्य तरुण होता. वाईट बातमीसुद्धा तो अभिनंदन केल्यासारखी देई. हर्षदानं वृत्तसंपादकाच्या जागेसाठी तिसऱ्यांदा अर्ज केला, तेव्हा त्यानं तिला शाल दिली आणि यंत्राच्या त्या खुर्चीत बसवलं. तुमचा घसा बसला तर अडीअडचणीला असावा म्हणून, एवढंच त्यानं सांगितलं. ती बसली. पंधरवड्यात तिला आदरानं कळवण्यात आलं की आता तुमचा घसा बसला तरी हरकत नाही, आणि नाही बसला तरी नाही.

यंत्रातला आवाज पस्तिशीचा ठेवला होता. यंत्र वाचतंय हे श्रोत्यांना कळवलं पाहिजे असा कायदा होता, आणि केंद्रानं तो पाळला. बातम्या संपल्या की 'टिंग' असा बारीक आवाज यायचा. गावाला वाटलं, बाई चहाच्या कपात चमचा ठेवतात.

यात खरा बळी गेला तो तबस्सुम शेखचा. हर्षदानं या पोरीला हाताखाली घेऊन तयार केलं होतं. भर उन्हात पाणीटंचाईच्या गावांत हिंडवलं, सरपंचाला तोच प्रश्न तिसऱ्यांदा कसा विचारायचा ते शिकवलं, आणि पुढच्या सोमवारपासून तू वाचायचंस म्हणून सांगितलं. तो सोमवार आलाच नाही. तबस्सुम आता बातम्या आणायची आणि टाइप करायची, आणि तिच्या ताईचा आवाज त्या वाचायचा. न म्हातारा होणारा, रजा न घेणारा आवाज. हर्षदा मला म्हणाली की अण्णा, एका बाईसाठी दार उघडायला एवढी वर्षं गेली, आणि आता त्या दारात मीच आडवी पडलेय. तबस्सुम मात्र तिला कधी काही बोलली नाही. त्याचं हर्षदाला जास्त लागलं.

हर्षदा घरी बसली. घरी यादवराव होते, अंथरुणावर, स्मृतिभ्रंशात. हळूहळू चेहरे गेले होते, मग नावं. मेंदूत चेहऱ्याचं आणि आवाजाचं कपाट वेगळं असतं म्हणतात, आणि जुना ओळखीचा आवाज सगळ्यात शेवटी निघून जातो. यादवरावांच्या कपाटात एकच वस्तू उरली होती: पस्तिशीतल्या मुलीचा आवाज.

संध्याकाळी सातला त्यांचा रेडिओ आपोआप लागायचा. ती सोय हर्षदानंच करून दिली होती, ती कामावर असताना आबांना एकटं वाटू नये म्हणून. पहिल्याच संध्याकाळी ती त्यांच्या उशाशी बसून पाय चेपत काहीतरी बोलत होती. रेडिओ म्हणाला, "नमस्कार, मी हर्षदा डोईफोडे." यादवरावांनी हात वर केला.

"ओ बाई, जरा गप ऱ्हावा. पोरगी बोलतीय."

"आबा, मीच की हर्षा."

त्यांनी तिच्याकडे वळून फार मायेनं पाहिलं. "तुमचंबी नाव हर्षाच का? चांगलं नाव हाय."

एके दिवशी तिनं रेडिओ बंद ठेवला. पडद्यामागे बसून स्वतः बातम्या वाचल्या, अगदी नळाच्या पाण्यापासून. यादवरावांनी कंट्रोलरच्या कानानं सगळं ऐकलं. बाई वाचतात बऱ्या, असा निकाल दिला. मग विचारलं, आमची पोरगी आज का आली नाही, तिला बरं नाही का? त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी रेडिओ पुन्हा सुरू झाला.

पुढे ते तिच्या हातून गोळ्या घेईनात. अनोळखी बाईच्या हातून औषध कोण घेईल? शेवटी तबस्सुमनं बातम्यांत एक ओळ घुसवायला सुरुवात केली: 'ज्येष्ठांनी आपल्या गोळ्या आता घ्याव्यात.' रेडिओवरची पोरगी असं म्हणाली की यादवराव शहाण्यासारखा हात पुढे करत. त्या महिन्यात तालुक्यातल्या एकूण एक म्हाताऱ्यांचा रक्तदाब आटोक्यात आला. त्याचं श्रेय मुळगुंदनं यंत्राला दिलं.

यादवराव एका दुपारी गेले. हर्षदा जवळ होती. ती त्यांच्याशी बोलत राहिली, ते छताकडे बघत कुणाची तरी वाट पाहत राहिले. सात वाजायला अजून बराच वेळ होता.

धाकटा भाऊ दिगंबर नाशिकहून यायचा होता, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं. खोलीत दिवा लावलेला, बायका भिंतीला टेकून बसलेल्या, मी दाराशी. तबस्सुम हर्षदाच्या शेजारी तिचा हात धरून होती. डॉक्टरांनी मोबाइलवर दाखला भरला होता. तो नगरपालिकेत गेला आणि तिथून आपोआप केंद्रात. मधे माणूस लागतच नाही, हीच त्या व्यवस्थेची थोरवी. तबस्सुमच्या ते ध्यानात आलं तेव्हा तिनं केंद्रात फोन लावला. फोनही यंत्रानं घेतला.

सात वाजले आणि कोपऱ्यातला रेडिओ लागला. मेलेल्या माणसाचा रेडिओ. उठून बंद करायला कुणाचा हात धजावेना. पाणी झालं, कांदा झाला. मग त्या तरण्याताठ्या, स्वच्छ, हसऱ्या म्हणाव्यात अशा आवाजात आलं:

"यादवराव डोईफोडे यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात एक मुलगी व एक मुलगा असा परिवार आहे. नमस्कार."

टिंग.

सगळ्या बायका हर्षदाकडे बघत होत्या. तिचे ओठ मिटलेले होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. गंगूआत्या, यादवरावांची थोरली बहीण, भिंतीलगत सरकत तिच्याजवळ आली आणि तिनं तिच्या तोंडावरून हात फिरवून पाहिला.

"हर्षे, तू तर हितं बसलीस. मग तिथं न रडणारी कोण हाय?"

घरातल्यांना निदान एवढं दिसलं. बाकीच्या गावाला दिसलं नाही. बापाचं निधन सांगताना बाईचा आवाज जरा म्हणून हलला नाही, आणि वर चहा प्यायली, हे चावडीपासून कोर्टापर्यंत पसरलं. इतरांसाठी एवढं गोड वाक्य जोडणारी, स्वतःच्या बापाला एक वाक्य नाही. कुणी तिच्या दाराशी येऊन तोंडावर बोलून गेलं. तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं ते गंगूआत्यानं. म्हातारी सकाळच्या एसटीत, भाजीबाजारात, पाण्याच्या टाकीवर, भेटेल त्याला सांगत सुटली की आमची पोरगी माझ्या डोळ्यांसमोर बसली होती आणि डब्यातली भवानी बोलत होती. तेव्हा कुठे गावाला 'टिंग'चा अर्थ लागला, आणि राग तिथून निघून केंद्राच्या अंगणात जमला.

मुळगुंद बाहेर आला. त्यानं आधी यंत्रात तीस टक्के गहिवर घालून वार्ता पुन्हा लावायची तयारी दाखवली. चाळीस टक्के केलं तर शब्द कळत नाहीत, असं प्रामाणिकपणे सांगितलं. हर्षदा लोकांतून पुढे आली. अंगावर साधं पातळ, आवाज रडून बसलेला.

"गहिवर नको. माझ्या घरात सुतक आहे. माझा आवाज सुतक पाळेल."

"मॅडम, यंत्राला कसलं सुतक?"

"यंत्राला नाही. गळा माझा आहे."

अंगणात दोनेकशे माणसं उभी होती, आणि त्यांतले बरेचसे जाहिरातदार. मुळगुंदनं सगळ्यांसमोर शब्द दिला: मॅडमच्या घरात दुःख असेल तोवर हा आवाज वाजणार नाही. मग बातम्या कोण वाचणार, असं कुणी विचारायच्या आत हर्षदानं तबस्सुमचा दंड धरून तिला पुढे केलं.

त्या संध्याकाळी तबस्सुमनं वाचलं. पहिल्या मिनिटात दोनदा अडखळली. शेवटी ती म्हणाली, "स्टँड रोड. यादवराव डोईफोडे. तुमची गाडी लागली आहे हे ज्यांनी देवनळला तीस वर्षं सांगितलं, ते गेले." टिंग वाजलं नाही. हर्षदानं रेडिओवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी माझ्यासमोरच तिला ते सुचलं. ती म्हणाली, अण्णा, उद्या यंत्र परत येणार. मी म्हटलं, येणारच. तेवढ्यात समोरच्या आळीतले तांबट वारल्याचं कळलं. ती उठली, त्यांच्या घरी गेली आणि कोपऱ्यात बसली. तांबटांच्या बायकोच्या निधनाला हर्षदानं जे वाक्य वाचलं होतं ते त्यांच्या ओटीवर तसबिरीखाली होतंच. मुळगुंद खातरजमा करायला आला, तेव्हा तांबटांचा मुलगा म्हणाला, ही आमची बहीणच, सुतक तिलाही आहे. तांबटांचे तेरा झाले, तर भोई गल्लीतल्या सुईणबाई. मग काझी मोहल्ल्यातले घड्याळवाले. तिथे तीनच दिवसांचा शोक असतो, पण त्यांनी गावासाठी दहा जास्त दिले. प्रत्येक घरात तिचं एक वाक्य होतं, त्यामुळे प्रत्येक घर तिचं नात्यातलं निघालं. तालुक्याच्या इतिहासात इतकी माणसं एका बाईची सख्खी कधी झाली नव्हती.

तबस्सुम वाचत राहिली. अडखळायची थांबली. पाण्याच्या टँकरमधली लबाडी तिनं नावानिशी वाचली, तेव्हा दोन मुली केंद्रात विचारायला आल्या की आम्हाला शिकवाल का.

आणि हर्षदा सुतकात राहिली. गोड खायचं नाही, देवाला जायचं नाही, सणाला दारात पणती नाही. दिगंबरच्या मुलीचं लग्न ठरलं. हिलाच त्या पोरीनं बाळपणी आई म्हटलं होतं. दिगंबरनं फोनवर स्पष्ट सांगितलं: परक्याचं सुतक सोड आणि ये, नाहीतर पुन्हा येऊ नकोस. ती गेली नाही. लग्नाचा मुहूर्त टळेपर्यंत माझ्या ओट्यावर बसून होती. मी एक विनोद करून पाहिला. माझी लेखणी का बंद झाली ते तेव्हा मला कळलं.

नंतर ती म्हणाली, "एक सांगू, अण्णा? मी माणसं जायची वाट बघायला लागलेय. दवाखान्यावरून जाताना पावलं हळू होतात माझी."

मी तिला म्हटलं, माझे तेरा दिवस तुझ्या नावावर. तिनं मान हलवली. हसली नाही.

मग सावतेकाकूंचं दुखणं आलं. त्यांना नव्वदी गाठायला एकच वर्ष कमी. ज्यांचं सुतक चालू होतं त्यांचे तेरा दिवस शुक्रवारी संपत होते आणि तालुक्यात दुसरं कुणी जाईना. हवा फार चांगली होती त्या महिन्यात. काकूंना सगळं कळत होतं. गुरुवारी त्या हर्षदाला म्हणाल्या, "थांब गं, उद्यापर्यंत उरकते मी."

हर्षदा त्यांच्या खाटेशी बसली ती उठलीच नाही. चमच्यानं पेज भरवली. गोळ्या दिल्या, आणि काकूंनी तिच्या हातून त्या घेतल्या. तिनं रात्रभर त्यांचे पाय चोळले. कुणाशी ती इतकी भांडतेय, असं काकूंच्या सुनेला वाटलं असेल. मला ठाऊक होतं. ती स्वतःशीच भांडत होती.

शुक्रवारी संध्याकाळी मी रेडिओपाशी बसलो. कान आता कमी झालेत, म्हणून आवाज मोठा ठेवतो. सात वाजले.

"नमस्कार, मी हर्षदा डोईफोडे."

तरणाताठा, स्वच्छ आवाज. म्हणजे काकू गेल्या नाहीत, एवढं समजलं. पाणी, कांदा. तेवढ्यात फोन वाजला. एका कानात रेडिओ होता, दुसऱ्यात फोन धरला. कुणीतरी म्हातारीशी बाई होती, घोगरा, फाटलेला, दमलेला आवाज.

"अण्णा, काकू उठून बसल्या. चहा मागितला त्यांनी. पेढे घेऊन येतेय मी."

रेडिओवर हर्षदा बोलतच होती. मी विचारलं, "कोण बोलतंय?"

पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. रेडिओवरच्या बाईला तो कधीच लागत नाही.

"नावाचं राहू द्या, अण्णा," ती म्हणाली. "बातमी खरी आहे."